वर्दळ आणि राबता

संकेतस्थळ सुरू केल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मोजणीच्या पडद्यावर ११ हा आकडा दिसला आणि मला आनंद झाला, तो जेमतेम पाच मिनिटे टिकला. त्या ११ जणांपैकी चार तर मीच होते. घरचा संगणक, कामावरचा संगणक, मोबाइल आणि त्याच मोबाइलवरचे दुसरे ब्राउझर या माझ्याच चार रूपांना त्या यंत्राने चार निरनिराळी माणसे म्हणून नोंदवले होते. तिघे घरातले होते. त्यांना मीच लिंक पाठवून ‘उघडून बघा’ असे बजावले होते. राहिलेले चौघे दूरदूरच्या शहरांतून आल्याचे दिसत होते, परंतु ते एक सेकंदही न थांबता परतले होते, तेव्हा ती जाळ्यावर हिंडणारी यंत्रे असावीत असे मानणेच शहाणपणाचे होते. म्हणजे माझ्या दुकानात आतापर्यंत मी, माझे घरचे आणि चार भुते एवढीच मंडळी येऊन गेली होती.

ही गोष्ट २०२१ च्या अखेरची आहे. पक्षी पाहण्याचा नाद मला आधीपासून होता, त्यामुळे दुर्बिणींविषयी लिहावे, विक्रेत्याची लिंक द्यावी आणि त्या लिंकवरून कोणी खरेदी केली तर ठरलेले कमिशन मिळवावे, असा साधा बेत होता. या धंद्याची कल्पना जाळ्याच्या बालपणापासूनची आहे. सीडीनाऊ या संगीतविक्रेत्याने १९९४ मध्ये दुसऱ्यांच्या पानांवरून आलेल्या खरेदीवर मोबदला द्यायला सुरुवात केली, आणि ॲमेझॉनने १९९६ मध्ये आपला असोसिएट्स कार्यक्रम काढून ही पद्धत घराघरांत पोहोचवली. माल आपला नाही, गोदाम नाही, पाठवणी नाही, परत आलेल्या वस्तूंची कटकट नाही. नवशिक्याला हे सगळे इतके सोपे वाटते, की ज्याच्यावाचून बाकीचे सगळे फोल आहे ती एकच गोष्ट, म्हणजे तिथे येणारी माणसे, आपल्याकडे नाहीत हे त्याच्या उशिरा लक्षात येते.

या माणसांना धंद्याच्या भाषेत ‘ट्रॅफिक’ म्हणतात. शब्द रस्त्यावरून उचललेला आहे, आणि मला वाटते, निम्मा घोटाळा या शब्दानेच केला. रहदारी म्हटले की मोजणे आलेच: किती गाड्या गेल्या, किती वाजता गेल्या, काल किती होत्या, आज किती आहेत. चौकातून जाणारी गाडी कोणाच्या दारात थांबणार आहे, याच्याशी मोजणाऱ्याला काही कर्तव्य नसते. मीही पहिले काही महिने तशीच चौकात उभी राहून गाड्या मोजत होते, आणि गाड्या नव्हत्याच.

माझे पहिले मोठे पान ‘सर्वोत्तम १० दुर्बिणी’ हे होते. त्या दहांपैकी दोनच मी हातात धरल्या होत्या. उरलेल्या आठांची माहिती विक्रेत्यांच्या पानांवरून आणि इतरांच्या याद्यांवरून गोळा केली, वाक्ये फिरवून लिहिली, प्रत्येकीखाली गुण आणि दोष यांच्या दोन ओळी टाकल्या आणि तळाशी ‘येथे पाहा’ असे बटण लावले. ते पान मी आज वाचते तेव्हा दोषांचा भाग मला विशेष केविलवाणा वाटतो, कारण जी वस्तू कधी डोळ्याला लावलीच नाही तिचा दोष सांगायचा कसा? मग ‘किंचित जड’, ‘किंमत थोडी जास्त’ असे कोणत्याही वस्तूला चालतील असे दोष मी वाटून दिले होते. मी सुरुवात करण्याच्या आधीच, एप्रिल २०२१ मध्ये, गूगलने वस्तुपरीक्षणांसाठी आपल्या शोधक्रमात खास बदल केला होता आणि वस्तू प्रत्यक्ष कशी आहे, कशी वापरली जाते, मोजून पाहता कशी ठरते, असे उत्पादकाच्या माहितीपलीकडचे सांगणाऱ्या पानांना महत्त्व देण्याचे जाहीर केले होते. मी तो मजकूर वाचला होता आणि तो दुसऱ्या कोणासाठी तरी लिहिलेला आहे, अशा थाटात बाजूला ठेवला होता.

तरीही, इतके वाईट पानसुद्धा शोधात कुठेतरी, निदान दहाव्या पानावर तरी, दिसायला हवे होते. ते कुठेच दिसत नव्हते. मी लेखांमागून लेख घालत होते, शीर्षके बदलत होते, चित्रे हलकी करून पान लवकर उघडेल असे पाहत होते, आणि शोधात माझे नाव अक्षरशः शून्य ठिकाणी येत होते. नऊ आठवड्यांनी मी सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे स्थळमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, एका पानाचा पत्ता टाकून तपासणी केली, तेव्हा ‘नोइंडेक्स टॅगमुळे वगळले’ असे उत्तर आले. स्थळ उभारताना, काम अर्धवट असताना कोणाला दिसू नये म्हणून, ‘सर्च इंजिनांनी या स्थळाची नोंद घेऊ नये’ या चौकटीत मी स्वतःच खूण केली होती आणि विसरून गेले होते. दाराला आतून कडी घालून दुकानदार गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला होता. ती खूण काढायला तीन सेकंद लागले. त्या रात्री मी घरी कोणाला काही सांगितले नाही.

त्या नऊ आठवड्यांत मी जे इतर उद्योग केले त्यांची कबुलीही येथेच देऊन टाकते. छंदाच्या गटांत जाऊन, कोणीही न विचारता, लिंका टाकल्या. एका गटाच्या चालकांनी दुसऱ्याच दिवशी मला बाहेर काढले, आणि ते योग्यच होते. त्यानंतर मी एका विक्रेत्याकडून ५,००० भेटी विकत घेतल्या. होय, भेटी विकत मिळतात. दोन दिवस पडद्यावरची रेघ डोंगरासारखी वर चढली आणि मी ती न्याहाळत बसले होते. तिसऱ्या दिवशी तपशील उघडला तेव्हा कळले, की सरासरी थांबण्याचा वेळ दोन सेकंदांच्या आत आहे, दुसरे पान कोणीही उघडलेले नाही, आणि विक्रेत्याच्या लिंकवर एकही क्लिक नाही. पाच हजारांत एक माणूस चुकून तरी बोट लावील की नाही? पण चुकायलाही माणूस लागतो. शिवाय अशी बनावट वर्दळ अफिलिएट, म्हणजे कमिशनवर चालणाऱ्या, कार्यक्रमांच्या नियमांत बसत नाही आणि तिच्यापायी खाते बंद होऊ शकते, हे मला नंतर नियमावली सावकाश वाचताना समजले. ती मी आधी वाचायला हवी होती, हे वेगळे सांगायला नको.

बॅकलिंकांचा, म्हणजे दुसऱ्यांच्या पानांवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकांचा, मोहही याच जातीचा. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी १९९८ मध्ये जी पेजरँकची पद्धत मांडली, तिच्या मुळाशी एक सरळ विचार होता: एका पानाने दुसऱ्याकडे लिंक देणे म्हणजे त्याच्या बाजूने मत देणे, आणि ज्याला स्वतःला जास्त मते आहेत त्याच्या मताचे वजन जास्त. मतदान आले की मतांची खरेदी येते, तशी ती आली, आणि मग तिच्यावरचे बंदोबस्तही आले. २००५ मध्ये ‘ही लिंक मत म्हणून धरू नका’ असे सांगणारी ‘नोफॉलो’ ही खूण निघाली, एप्रिल २०१२ मध्ये गूगलच्या पेंग्विन या बदलाने बनावट लिंकांवर पोसलेली स्थळे खाली ढकलली, आणि २०१९ मध्ये पैसे घेऊन दिलेल्या लिंकेसाठी ‘स्पॉन्सर्ड’ अशी वेगळी खूण ठरली. माझ्या कमिशनच्या लिंकांनाही तशी खूण लावणे अपेक्षित होते. ती मी लावली. ‘तुम्ही मला द्या, मी तुम्हाला देते’ अशा देवाणघेवाणीची जी पत्रे मी अनोळखी लोकांना धाडली होती, त्यांना उत्तरे आली नाहीत, याबद्दल आज मी आभारीच आहे.

कडी काढल्यानंतर पाचेक आठवड्यांनी सर्च कन्सोलमध्ये पहिली खरी ओळ उमटली. हे साधन पानावर आलेल्यांचीच नव्हे, तर न आलेल्यांचीही हकीकत सांगते. कोणत्या शब्दांच्या शोधात तुमचे पान दाखवले गेले, किती वेळा दाखवले गेले, कितव्या जागी होते आणि त्यावर किती क्लिक झाले, हे सगळे ते १६ महिन्यांपर्यंत जपून ठेवते. ‘सर्वोत्तम दुर्बीण’ या शोधात मी ८४ व्या जागेच्या आसपास होते. तिथवर कोणीही उतरत नाही. पण यादीच्या अगदी खालच्या अंगाला एक वेडीवाकडी ओळ होती: ‘चष्मा घालून दुर्बीण काळं दिसतं’. दाखवले गेले ३७ वेळा, क्लिक २.

ती ओळ मी बराच वेळ पाहत राहिले. माझ्या एका लेखात ‘नेत्रभिंगापासूनचे अंतर आणि चष्माधारक’ असा एक जाडजूड परिच्छेद होता, त्याच्या जोरावर गूगलने मला तिथे उभे केले होते. मी लिहीत होते ‘चष्माधारक’, आणि माणूस विचारत होता ‘काळं दिसतं’. त्या पाच शब्दांमागचा प्रसंग मला लख्ख दिसला. कोणीतरी हौसेने दुर्बीण घेतली आहे, खोके उघडले आहे, चष्म्यावरून ती डोळ्यांना लावली आहे, आणि पक्षी दिसण्याऐवजी भोवती काळी कडा पडून मध्ये एक बोगदा उरला आहे. आपली दुर्बीण बिघडलेली निघाली की आपला डोळा, हे त्याला कळत नाही. तो ‘ट्रॅफिक’ नव्हता. तो एक हिरमुसलेला माणूस होता, आणि त्याचे उत्तर मला ठाऊक होते, कारण माझ्याही नाकावर चष्मा आहे.

मी त्याच्यासाठी पान लिहिले. शीर्षक त्याच्याच बोलीत दिले: ‘चष्मा लावून दुर्बिणीतून पाहताना काळे का दिसते?’ उत्तर पहिल्या दोन वाक्यांत संपवले: डोळ्यांकडच्या बाजूची रबरी कडी फिरवून किंवा दुमडून खाली करा, चष्म्यामुळे तुमचा डोळा आधीच लांब गेलेला आहे, वर काढलेली कडी त्याला आणखी लांब ढकलते. मग ज्याला कारण जाणून घ्यायचे असेल त्याच्यासाठी पुढचे सांगितले. दुर्बिणीतून येणारा प्रकाश भिंगामागे ठरावीक अंतरावर एका छोट्या चकतीत गोळा होतो आणि डोळ्याची बाहुली बरोबर तिथे असेल तरच पूर्ण दृश्य दिसते. ८×४२ या आकड्यांत आठ म्हणजे आठपट मोठे दिसणे आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास, तेव्हा ती चकती ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरची. तिच्या अंतराला ‘आय रिलीफ’ म्हणतात. चष्मा वापरणाऱ्याला ते साधारण १५ मिलिमीटर किंवा अधिक असलेले बरे. याच्या उलट, चष्मा नसताना कडी खाली ठेवली तर डोळा फार जवळ जातो आणि दृश्यावर घेवड्याच्या दाण्यासारख्या काळ्या सावल्या तरंगू लागतात. दोन्ही कड्यांची छायाचित्रे मी खिडकीजवळ उभी राहून मोबाइलने काढली. एकात माझा अंगठा आला आहे, तो तसाच ठेवला.

या पानावर विकण्यासारखे काहीच नव्हते, ही त्यातली मेख. ‘कडी खाली करा’ म्हणणाऱ्याला कमिशन कोण देणार? माझ्यातल्या दलालाने सुचवून पाहिले, की ‘तुमची दुर्बीण बदला’ असे म्हणावे, खाली पाच दुर्बिणी मांडाव्यात. मी तसे केले नाही, आणि त्यात फार मोठा नैतिक निग्रह होता असेही नाही; दोन महिने खोटे दोष वाटून मला त्या लिहिण्याचाच कंटाळा आला होता. एवढेच वाक्य घातले, की कडी पूर्ण खाली करूनही बोगदा राहत असेल तर त्या दुर्बिणीचा आय रिलीफ तुमच्या चष्म्याला अपुरा आहे, आणि पुरेसा असलेल्या, मी स्वतः चष्म्यावर वापरून पाहिलेल्या तीन दुर्बिणी अमुक पानावर आहेत.

हळूहळू ते पान त्या शोधात वर सरकले. दिवसाला दोन, मग सात, मग वीस माणसे येऊ लागली. आकडा विकत घेतलेल्या पाच हजारांच्या पासंगालाही पुरणारा नव्हता, पण ही माणसे सरासरी तीन मिनिटे थांबत होती, आणि त्यांतली काही दुसऱ्या आठवड्यात, या खेपेस थेट माझ्या स्थळाचे नाव टाकून, परत येत होती. मराठीत यासाठी एक छान शब्द आहे, तो मला त्या काळात आठवला: राबता. वर्दळ रस्त्यावर असते, राबता घराला असतो. ज्याच्याकडे लोकांचा राबता आहे, त्याच्या दाराशी कोणी मोजणीयंत्र लावलेले नसते. लोक येतात, कारण मागच्या वेळी त्यांचे काम झालेले असते.

पहिली कमाई मात्र गमतीदार रीतीने झाली. एके सकाळी खात्यात एका खरेदीची नोंद दिसली. मी धडधडत्या छातीने तपशील उघडला, तर कोणीतरी माझ्या दुर्बिणीच्या लिंकवरून आत जाऊन उशांचे अभ्रे घेतले होते. ॲमेझॉनच्या कार्यक्रमात लिंकवर क्लिक केल्यापासून २४ तासांत त्या माणसाने घेतलेल्या बहुतेक वस्तूंवर कमिशन लागू होते, अभ्रे घेतले तरी. दुर्बिणीचा दर कोणता, अभ्र्यांचा कोणता, यांची कोष्टके मी पाठ केली होती, आणि पहिला वाचक आपल्या झोपेची सोय करून गेला. नवीन खात्याला पहिल्या १८० दिवसांत किमान तीन खरेदी दाखवाव्या लागतात, नाही तर ते बंद होते. माझ्या तीन खरेदी अभ्रे, एक पाण्याची बाटली आणि शेवटी, एकशे चाळिसाव्या दिवशी, एक दुर्बीण अशा पुऱ्या झाल्या. ती दुर्बीण काळ्या कडेच्या पानावरून पुढे गेलेल्या माणसाने घेतली होती. सर्वोत्तम दहांच्या यादीने तोपर्यंत एकही खरेदी दिली नव्हती. ती यादी मी त्याच आठवड्यात उतरवली.

मधल्या काळात मी कमिशनची कबुली पानाच्या तळाच्या बारीक अक्षरांतून उचलून माथ्यावर आणली. अमेरिकेच्या व्यापार आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे आणि बहुतेक कार्यक्रमांचे नियम ती स्पष्ट दिसावी असे सांगतातच, पण मला ती लपवण्याची खोड होती, कारण ती वाचून माणूस निघून जाईल अशी भीती वाटे. थांबण्याच्या वेळेत काडीचा फरक पडला नाही.

यानंतर सगळे चढतच गेले असे मात्र नाही. डिसेंबर २०२२ मध्ये गूगलने दर्जा तपासणाऱ्यांसाठीच्या आपल्या निकषांत ‘अनुभव’ हा शब्द उघडपणे घातला आणि मला वाटले, आता आपले दिवस आले. प्रत्यक्षात पुढच्या दीड वर्षात माझी काही पाने वर गेली आणि काही, मला आजही न उमगलेल्या कारणांनी, खाली घसरली. १ जुलै २०२३ पासून गूगलच्या जुन्या ॲनालिटिक्सने, म्हणजे माझ्या मोजणीच्या साधनाने, मोजणी थांबवली. पुढे त्यातले आकडेही गेले, आणि माझे ते पहिले ११ जण, चार भुतांसह, इतिहासजमा झाले. मे २०२४ पासून गूगलने अमेरिकेत शोधाच्या माथ्यावर यंत्राने लिहिलेले उत्तर देणे सुरू केले आणि मग ते इतरत्र पसरले. ‘८×४२ म्हणजे काय’ हे माझे पान, जे तोवर सर्वांत जास्त माणसे आणत असे, पाहता पाहता निम्म्यावर आले. त्याचे उत्तर दोन ओळींचे आहे. त्या दोन ओळी माथ्यावरच मिळत असतील तर माझ्या दारापर्यंत कोणी का यावे? मी असते तर मीही आले नसते.

काळ्या कडेचे पान त्या मानाने टिकले. कडी खाली केल्यावर ज्याचे काम झाले तो आता माझ्याकडे येत नाही, पण ज्याचे झाले नाही तो येतोच, आणि त्याला दोन ओळींचे उत्तर पुरत नाही. त्याला हे विचारायचे असते, की खोक्यावर १६ मिलिमीटर लिहिले असताना मला बोगदा का दिसतो. हा प्रश्न मला गेल्या महिन्यात तिघांनी पत्राने विचारला.

म्हणून सध्या टेबलावर मागून आणलेल्या सहा दुर्बिणी आहेत. दूरच्यासाठी फोकस करून, पुढची भिंगे उजेडाच्या खिडकीकडे धरून, डोळ्यांकडच्या बाजूला पांढरा कागद मागेपुढे सरकवला की त्यावर प्रकाशाची चकती उमटते. ती सर्वांत लहान आणि रेखीव जिथे होते, तिथून खाली केलेल्या रबरी कडीच्या काठापर्यंतचे अंतर पट्टीने मोजायचे. कंपन्या हे अंतर सहसा भिंगाच्या काचेपासून धरतात, आणि काच कडीच्या आत बुडालेली असते; चष्मा मात्र कडीच्या काठावर टेकतो. पहिल्या दुर्बिणीच्या खोक्यावर १६ आहे, माझ्या पट्टीवर साडेबारा आले. दुसरीच्या खोक्यावर १५, पट्टीवर साडेतेरा. कागद हलतो म्हणून प्रत्येक माप तीनदा घेते आहे. अजून चार दुर्बिणी उरल्या आहेत आणि खिडकीतला उजेड तासाभराचा आहे.